इसबगोल, औषध आणि अनुपान



भाषेच्या अध्यापकाने औषधाविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु मला आज ज्या शब्दाकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे, तो भाषेचा आहे तितकाच प्रकृतीचाही आहे. तो शब्द म्हणजे अनुपान. औषध ज्याच्याबरोबर घ्यावयाचे ते मध, तूप वा कोमट पाणी म्हणजे अनुपान. ते औषधाला साहाय्यक असावे, हा आयुर्वेदाचा जुना संकेत होय.

उदयनगरच्या श्रोत्यांना इसबगोलाची ओळख करून देण्याचे कारण नाही. आपल्याच माळव्यात, नीमच-मंदसौरकडे, ते रब्बीचे पीक आहे. नाव फारसी, बीच्या आकारावरून ‘घोड्याचा कान’ असा त्याचा अर्थ सांगतात. बीवरची साल, म्हणजेच आपला इसबगोलाचा भुसा, पाण्यात फुगून बुळबुळीत होतो. पित्तातील आम्ले या लगद्यात अडकून शरीराबाहेर जातात. ती नव्याने घडविण्यासाठी यकृत कोलेस्टेरॉल खर्ची घालते आणि रक्तातील त्याचे प्रमाण काहीसे उतरते.

स्टॅटिन वर्गाच्या गोळ्यांचा मार्ग निराळा. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी १९७०च्या दशकात बुरशीतून या वर्गाचे पहिले द्रव्य शोधले. ही औषधे यकृतातील कोलेस्टेरॉलची निर्मितीच रोखतात. हे दोन्ही मार्ग परस्परपूरक आहेत. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १० मिलिग्रॅम सिम्वास्टॅटिन आणि रोज १५ ग्रॅम इसबगोल यांचा परिणाम २० मिलिग्रॅम सिम्वास्टॅटिनइतका आढळला.

मग अडचण कोठे आहे? तोच लगदा गोळीलाही वेढू शकतो. १९९१ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एक नोंद आली. लोव्हास्टॅटिन घेणाऱ्या काही रुग्णांना पेक्टिन किंवा ओटचा कोंडा दिला असता कोलेस्टेरॉल घटण्याऐवजी वाढले आणि तो थांबविल्यावर पुन्हा उतरले. रुग्ण थोडे होते आणि तो इसबगोलही नव्हता; तरीही सावध होण्यास एवढे पुरेसे आहे.

आमच्या वयाची माणसे निजताना इसबगोलाच्या पेल्याबरोबरच गोळीही गिळतात. म्हणजे नकळत इसबगोलच अनुपान होऊन बसते. पुढे रक्ततपासणीत उतार दिसला नाही, की कोणी गोळीला निरुपयोगी ठरवून ती सोडून देतो. खरा धोका येथे आहे. वाढलेले कोलेस्टेरॉल दुखत नाही, खुपत नाही. हृदयावर आघात होईपर्यंत ते गप्प राहते.

उपाय साधा आहे. गोळीची वेळ डॉक्टरांनी सांगितलेली तीच ठेवावी. इसबगोल तिच्या आधी वा नंतर किमान दोन तासांच्या अंतराने, भरपूर पाण्याबरोबर घ्यावे. थायरॉइडच्या व इतर औषधांबाबतही असेच अंतर विचारून घ्यावे. ‘ते काही औषध नव्हे’ असे म्हणून डॉक्टरांपासून इसबगोल लपवू नये, आणि त्याच्या भरवशावर गोळी परस्पर बंद करू नये. दोन्ही हितकर आहेत. फक्त एकाच पेल्यात नकोत.