ग्रासकटर सुरू होईना? नवा घेण्याआधी प्लग उघडा!

गणपती गेले, पावसाने उघडीप दिली की कोकणातल्या आंबा-काजूच्या बागांत बेणणीची घाई सुरू होते. गवत ओले आहे तोवर कापून झाडाखाली पसरले तर त्याचे आच्छादन होते. तेच वाळून उभे राहिले की एका ठिणगीने वणवा लागतो आणि पंधरा-वीस वर्षांची कलमे तासाभरात होरपळतात. बेणणीला गडी मिळत नाहीत. त्यामुळे पेट्रोलवरचा ग्रासकटर आता वाडीवाडीत पोचला आहे. पण ऐन हंगामात हेच मशीन दगा देते. दोरी ओढून ओढून खांदा दुखायला लागतो, "मशीन गेलं" म्हणून ते पडवीत पडते आणि बागायतदार नव्याच्या चौकशीला लागतो. पुष्कळदा मशीन गेलेले नसते. बिघाड अर्ध्या तासात, एका प्लगपान्याने सापडण्यासारखा असतो.

आधी प्लग काय सांगतो ते पाहा

इंजिनाला तीन गोष्टी लागतात : पेट्रोल, ठिणगी आणि हवा. बंद करायचे बटण चालूच्या बाजूला आहे ना, हे पाहून चार-पाच वेळा दोरी ओढावी आणि प्लग काढावा.

प्लग कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल आत पोचत नाही. टाकीतल्या नळीच्या टोकाला छोटी जाळी असते, ती कचऱ्याने बंद झालेली असते. नळीला चीर असेल तर ती हवा ओढते. कार्बोरेटरखालचा फुगा दाबून भरत नसेल तर बिघाड याच वाटेवर आहे असे समजावे.

प्लग पेट्रोलने ओला असेल तर ते जास्त झाले आहे. चोक उघडा ठेवून, रेस पूर्ण दाबून, प्लग न लावता आठ-दहा वेळा दोरी ओढावी. प्लग पुसून वाळवून बसवावा.

प्लग काळाकुट्ट, तेलकट असेल तर मिश्रणात ऑइल जास्त आहे किंवा एअर फिल्टर धुळीने भरला आहे. पांढरट पडला असेल तर मशीन नुसते तापते आहे. ऑइल किंवा पेट्रोल कमी पडते आहे किंवा कुठून तरी जादा हवा शिरते आहे. अशा वेळी काम ताबडतोब थांबवावे. फिकट तपकिरी रंग म्हणजे तब्येत उत्तम.

ठिणगी पाहायची तर टाकीचे झाकण घट्ट लावावे, सांडलेले पेट्रोल पुसावे. प्लग टोपीत घालून त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवावा, पण प्लगच्या भोकापासून लांब. दोरी ओढल्यावर निळी ठिणगी दिसली पाहिजे. न दिसल्यास नवा प्लग लावून पाहावा. तरीही नसेल तर कॉइल किंवा वायरिंगचे काम, ते मेकॅनिककडेच द्यावे.

चालते, पण काम करीत नाही

सुरू होऊन पाच-दहा मिनिटांत बंद पडते? मशीन थंड करून टाकीचे झाकण सैल करून पुन्हा लावावे. मग चालले तर झाकणातले हवेचे बारीक छिद्र बुजले आहे. गवतात घातल्यावर दम तोडते? एअर फिल्टर साफ करावा, सायलेन्सरच्या तोंडाची जाळी काजळीने भरली आहे का पाहावे. इंजिन चालते पण पाते फिरत नाही? क्लचचे शू झिजले असावेत. उलट रेस सोडल्यावरही पाते फिरत असेल तर ते धोक्याचे. दुरुस्त केल्याशिवाय मशीन खांद्याला लावू नये. आणि दोरी ओढताना काहीच जोर लागत नसेल तर पिस्टन-रिंगचा खर्च आला असे समजावे.

ऑइलचा हिशेब

खरा मोठा खर्च होतो तो इथे. टू-स्ट्रोक मशीनला वेगळे ऑइल नसते, पेट्रोलमध्ये मिसळलेले टू-टी ऑइल हेच त्याचे वंगण. पुस्तकात २५ ला १ लिहिले असेल तर लिटरला ४० मि.लि., ५० ला १ असेल तर २० मि.लि. मापाची बाटली ठेवावी, अंदाजपंचे ओतू नये. घाईत कोणी नुसते पेट्रोल भरले तर पिस्टन जॅम झालाच. फोर-स्ट्रोकचे उलटे आहे. त्यात पेट्रोल साधे आणि ऑइल वेगळ्या कप्प्यात. ते जेमतेम १०० मि.लि.च्या आसपास असते, म्हणून रोज सकाळी पातळी पाहावी. बागेत दोन्ही प्रकारची मशीन असतील तर कॅनवर ठळक नाव लिहावे.

जुने पेट्रोल, नवा त्रास

२०२५ पर्यंत देशभरातल्या पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले. इथेनॉल हवेतला ओलावा धरते. आपल्याकडच्या दमट हवेत अर्धवट भरलेल्या कॅनमध्ये पाणी साठत गेले की इथेनॉल-पाण्याचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो. मशीन नेमके तळातलेच ओढते, आणि ऑइल मात्र वरच्या पेट्रोलमध्ये राहिलेले असते. जुन्या मशीनच्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरचा पडदाही इथेनॉलने लवकर खराब होतो. शंका आली तर पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून ठेवावे. दोन थर दिसले की ते वापरू नये, विहिरी-ओढ्याजवळ ओतूही नये. मिश्रण महिन्याभरात संपेल एवढेच करावे.

हंगाम संपला की टाकी रिकामी करावी आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. मग प्लग काढून चमचाभर टू-टी ऑइल सोडावे, दोरी हळू दोनदा ओढावी, प्लग बसवावा. टाकीत पेट्रोल ठेवून मशीन माळ्यावर टाकले तर पुढच्या वर्षी कार्बोरेटर चिकटाने बंद झालेला मिळतो.

नवे घेताना

एकाच घडणीचे मशीन वेगवेगळ्या स्टिकरखाली विकले जाते. तेव्हा 'सीसी'चा मोठा आकडा पाहून भुलू नये. तो आकडा माहितीपुस्तकाशी जुळतो का पाहावे. दुकानातच पंधरा मिनिटे चालवायला सांगावे, बंद करून पाच मिनिटांनी पुन्हा सुरू करावे. गरम असताना सहज सुरू झाले पाहिजे, रेस सोडल्यावर पाते थांबले पाहिजे. दांड्याला खेळ नको, हाताला मुंग्या येतील इतका थरथराट नको. पट्टा खांद्याला लावून पाहावा. दिवसभर ते वजन आपल्यालाच वाहायचे आहे. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : कार्बोरेटरचा पडदा, क्लच, दोरीची स्प्रिंग तालुक्याला मिळते का? स्वस्तातले मशीन एका स्प्रिंगसाठी महिनाभर अडले तर ते महागच पडले. अनुदानातून घ्यायचे असल्यास चाचणी अहवाल असलेलेच मॉडेल पाहावे, पक्क्या बिलावर मशीनचा नंबर लिहून घ्यावा. तालुका कृषी कार्यालयात आधी विचारून घेतलेले बरे.

शेवटी एक गोष्ट. डोळ्यांना चष्मा, पायात बूट हवेच. चालत्या मशीनपासून इतरांनी १५ मीटर लांब राहावे. गरम मशीनमध्ये पेट्रोल भरू नये, तापलेला सायलेन्सर वाळल्या गवतावर ठेवू नये. वणवा टाळायला घेतलेल्या यंत्रानेच वणवा लावायला नको.