पावलागणिक सांध्यांवर किती भार?

गुडघा वा खुबा दुखू लागला की घरातील मंडळी काठी आणून देतात, आणि पुष्कळ ज्येष्ठ ती दुखऱ्या पायाच्याच बाजूला धरतात. दुखणाऱ्या अंगाला आधार द्यावा, हा विचार स्वाभाविक आहे. परंतु काठीच्या बाबतीत तो बरोबर नाही. याचे कारण चालताना सांध्यांवर पडणाऱ्या भारात दडलेले आहे, आणि हा भार आज प्रत्यक्ष मोजता येतो.

आपले वजन ६० किलो असेल, तर एका पायावर तोलताना सांध्यावरही तेवढाच भार येत असावा, असे वाटते. जमिनीपुरते ते जवळपास खरे आहे. प्रयोगशाळेत जमिनीत बसवलेली भारमापक पट्टी संथ चालीत प्रत्येक पावलाला वजनाहून थोडाच अधिक दाब नोंदवते. सांध्याच्या आत मात्र वजनाच्या जोडीला स्नायूंची ओढही असते.

खुब्याचेच पाहा. एक पाऊल उचलले की क्षणभर सारे शरीर दुसऱ्या पायावर येते. शरीराचा भारमध्य त्या खुब्याच्या आतल्या बाजूला असल्याने कंबर उचललेल्या पायाकडे कलंडू पाहते. तिला सावरण्यासाठी टेकलेल्या पायाच्या खुब्याचे बाहेरील स्नायू आकसतात. पहारेने दगड हलवताना हात टेकूच्या जवळ धरला, तर किती जोर लागतो हे आपण जाणतो. हे स्नायूही सांध्याच्या तसेच जवळ असतात; म्हणून त्यांना वजनाच्या सुमारे दुप्पट ओढ लावावी लागते. वजन आणि ओढ, दोन्हींचा भार अखेर त्या एका सांध्यावर पडतो.

हा भार मोजण्याचे महत्त्वाचे प्रयत्न १९६० च्या दशकात झाले. ग्लासगो येथे जॉन पॉल यांनी चालण्याचे चित्रीकरण व भारमापक पट्टी यांच्या आधारे गणित मांडले. स्वीडनमध्ये निल्स रायडेल यांनी कृत्रिम खुब्यातच मापक बसवले आणि १९६६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे बर्लिनमध्ये गेओर्ग बर्गमान यांच्या चमूने कृत्रिम सांध्याच्या पोकळीत सूक्ष्म मापक व प्रक्षेपक बसवले. त्यात बॅटरी नसते. पायाभोवती ठेवलेल्या तारेच्या वेटोळ्यातून ऊर्जा पुरवली जाते आणि भाराची नोंद बिनतारी मार्गाने बाहेर येते. सांधेरोपण करून घेणाऱ्या काही रुग्णांनी संमती दिल्यामुळेच हे ज्ञान आपल्या हाती आले.

या नोंदींनुसार साध्या चालीत खुब्यावर वजनाच्या सरासरी २.४ पट भार येतो. ६० किलोच्या व्यक्तीत सुमारे १४३ किलो. गुडघ्यावर सपाट जमिनीवर २.६ पट, खुर्चीतून उठताना जवळपास २.५ पट, जिना चढताना ३.२ पट आणि उतरताना ३.५ पट भार आढळला. बर्लिनच्या १९९३ मधील नोंदींत दोन रुग्ण अकस्मात अडखळले, तेव्हा खुब्यावरील भार ७.२ आणि ८.७ पटींवर गेला. हे आकडे मोजक्या रुग्णांचे आहेत आणि व्यक्तीगणिक ते बदलतील. तरी कोणत्या हालचालीत भार वाढतो, हे त्यांतून स्पष्ट दिसते.

आता काठीकडे वळू. ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी आणि दुखऱ्या पायाबरोबरच पुढे टेकावी. तो हात दुखऱ्या खुब्यापासून दूर असल्याने काठीवर दिलेला थोडासा दाबही स्नायूंची बरीच ओढ वाचवतो. गुडघेदुखीतही हाच नियम. चपला घालून सरळ उभे राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीइतकी उंच असावी. खालचे रबरी बूच झिजले की बदलावे.

जिन्यात कठडा धरावा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय व काठी आधी टाकावी. बसायला उंच, हातांची खुर्ची घ्यावी आणि उठताना हातांवर जोर द्यावा. घरातील मंडळींनी सरकणारी पायपुसणी व वाटेतल्या वायरी काढाव्यात, न्हाणीघराच्या वाटेवर रात्री दिवा ठेवावा. अडखळणे टळले, तर पडण्याचा धोका टळतो आणि सांध्याला बसणारा मोठा हिसकाही.

वजनाचा हिशेबही लक्षात ठेवण्याजोगा आहे. अमेरिकेत वजन अधिक असलेल्या, गुडघ्याच्या संधिवाताच्या १४२ ज्येष्ठांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात घटलेल्या प्रत्येक किलोमागे गुडघ्यावरचा भार दर पावलाला सुमारे चार किलोंनी कमी आढळला.

हे आकडे वाचून कोणी चालणे सोडू नये. सांध्यातील कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. दाब पडणे आणि सुटणे यांतूनच तिला पोषण मिळते. चालणे थांबले की स्नायू क्षीण होतात, तोल बिघडतो आणि पडण्याचा धोका वाढतो. सपाट रस्त्यावर, झेपेल तेवढे, पण नित्य चालावे. पडल्यानंतर पायावर भार देता येत नसेल, किंवा सांधा सुजून लाल झाला व ताप आला, तर मात्र घरगुती उपायांत वेळ न दवडता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.