तालुक्याचं मन (लेखांक ८) : शिकवणाऱ्यानं शिकायचं कुठे?

मागच्या लेखांकात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक तालुक्याला येतं तेव्हा ओपीडीत काय घडतं, ते पाहिलं. या वेळी त्या पथकामागच्या माणसाकडे वळू. नव्या समुपदेशकाचं काम ऐकायचं, तपासायचं, चुकलं तिथे थांबवायचं आणि खचला तर सावरायचं, हे काम सुपरवायझरचं. रुग्णाला तो बहुधा कधीच दिसत नाही. तरी उपचार किती कसाचा मिळणार, हे बऱ्याच अंशी त्याच्यावर ठरतं.

शिरूर आणि दौंड हे शेजारचे तालुके, पण दोन्हीकडची माणसं एका साच्याची नाहीत. दौंडला रेल्वे जंक्शन, राज्य राखीव पोलीस दलाच्या छावण्या, कुरकुंभची रासायनिक वसाहत. शिरूरला रेल्वे नाही. नगर रस्ता आणि रांजणगावची एमआयडीसी आहे, तिथे पाळ्यांत काम करणारी परगावची तरुण पोरं आहेत. भीमा आणि घोड या नद्यांच्या काठांनी ऊस, आणि हंगामात ऊसतोड कामगारांच्या कोप्या. इतक्या तऱ्हांच्या माणसांसाठी प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ शोधावा तर तो पुणे शहरात सापडतो. केंद्राच्या रचनेनुसार जिल्ह्याच्या पथकात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं पद एकच. तालुके मात्र डझनावर.

म्हणजे प्रत्यक्ष बोलण्याचं काम पुष्कळदा नवख्या समुपदेशकावर, परिचारिकेवर, समुदाय आरोग्य अधिकाऱ्यावर येतं. त्यांच्या कामावर लक्ष कोण ठेवतो?

एक प्रसंग कल्पू. शिरूर तालुक्यातल्या नदीकाठच्या गावातली एक आई ग्रामीण रुग्णालयात आली आहे. गावात बिबट्या फिरतो. तिला झोप नाही, छातीत धडधडतं, पोराला ती शाळेतही पाठवत नाही. समोरची समुपदेशक पंचविशीची. संवाद मोबाइलवर रेकॉर्ड होतो आहे, आईच्या संमतीनं. आई म्हणते, "रात्री उसात सळसळ झाली की जीव घाबरा होतो बघा." मुलगी लगेच म्हणते, "घाबरू नका ताई, काही होणार नाही." त्यानंतर आई गप्प होते. पुढची पाच मिनिटं ती 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलते.

आठवड्यानं हे रेकॉर्डिंग सुपरवायझर मॅडमपुढे लागतं. अनुभवी माणसाच्या तोंडी पहिल्यांदा येतं ते असं : "अगं, असं खोटं आश्वासन द्यायचं नसतं." म्हणणं बरोबर आहे, पण एवढ्यावर थांबलं तर मुलगी पुढच्या वेळी फक्त ते वाक्य टाळेल. पर्यवेक्षणाची कला शिकलेली बाई रेकॉर्डिंग तिथेच थांबवते आणि विचारते, "ती सळसळ म्हणाली तेव्हा तुझ्या मनात काय आलं?" थोडं थांबून मुलगी सांगते, की तिचं माहेरही त्याच पट्ट्यातलं आहे. तिलाही भीती वाटली, आणि ती घालवायला ते वाक्य निघालं. आता खरं काम सुरू होतं. चिंतेवरच्या पुस्तकात अवास्तव भीती कशी तपासावी, हे दिलेलं असतं. इथली भीती अवास्तव नाही. पोराला अंधारात एकटं सोडू नये हे शहाणपणच आहे. दुपारी घोळक्यानं शाळेत जाणंही बंद करणं ही मात्र भीतीची वाढ. दोन्हींमधली रेघ त्या आईबरोबर बसून कशी काढायची, हे त्या खोलीत शिकवावं लागतं.

हे सुचायला रुग्ण तपासण्याचा वीस वर्षांचा अनुभव पुरत नाही. रुग्णाशी बोलणं हे एक कौशल्य, आणि रुग्णाशी बोलणाऱ्याला घडवणं हे दुसरं. आपल्या व्यवस्थेनं मात्र पहिलं आलं की दुसरं आपोआप येतं असं धरून ठेवलं आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या आहे. दोन वर्षांच्या पूर्णवेळ एम.फिल.मध्ये पर्यवेक्षणाखालचं प्रशिक्षण असावं, असं ती सांगते. ते पर्यवेक्षण करणारा स्वतः कसा तयार व्हावा, याबद्दल त्या व्याख्येत अक्षर नाही. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी टिकवायला ठरावीक काळात प्रशिक्षणाचे गुण मिळवावे लागतात. पण एखाद्या नव्या चाचणीवरच्या व्याख्यानानंही गुण मिळतात, आणि व्याख्यान ऐकून कुणी सुपरवायझर होत नाही. त्यात एम.फिल.चाच जमाना संपतो आहे आणि नवे अभ्यासक्रम येत आहेत. विद्यार्थी वाढतील तसे त्यांना हाताखाली घेणारेही वाढवावे लागतील.

पर्यवेक्षण हे वेगळं कौशल्य आहे, ही जाण जगात यायलाही वेळ लागला. १९२० मध्ये बर्लिनला मॅक्स आयटिंगॉन आणि कार्ल अब्राहम यांनी मनोविश्लेषणाचा दवाखाना काढला, आणि तिथे शिकाऊ विश्लेषकानं आपल्या केसेस वरिष्ठाला सांगत काम करायचं, हा शिरस्ता पडला. पण सांगणं म्हणजे आठवून सांगणं. १९४० च्या सुमारास कार्ल रॉजर्सनं ओहायोत मुलाखती तबकड्यांवर मुद्रित करून विद्यार्थ्यांना ऐकवायला सुरुवात केली आणि आठवण व प्रत्यक्ष यांतलं अंतर उघडं पडलं. पर्यवेक्षण ही स्वतंत्र क्षमता मानून अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशननं तिची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली ती थेट २०१४ मध्ये.

आपल्या शेजारी, गोव्यात, याहून उपयोगाचं काम झालं आहे. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या 'संगाथ' संस्थेनं मानसशास्त्राचं शिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना समुपदेशक म्हणून तयार केलं. नैराश्याच्या रुग्णांसाठी सहा ते आठ भेटींचा उपचार आखला आणि १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत तो पारखला. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले : तीन महिन्यांनी या उपचारातले ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीच्या सेवेतले ३९ टक्के. हे आकडे पुष्कळ ठिकाणी उद्धृत होतात. त्यामागची आठवड्याची बैठक मात्र फारशी कुणी सांगत नाही. समुपदेशक छोट्या गटात बसत, एकाच्या भेटीचं रेकॉर्डिंग सगळे ऐकत, ठरलेल्या मापनश्रेणीवर प्रत्येक जण गुण देई आणि मग चर्चा होई. सुरुवातीला तज्ज्ञ बैठक चालवत. पुढे समुपदेशकच चालवू लागले. त्यांनी दिलेले गुण तज्ज्ञांच्या गुणांशी बऱ्यापैकी जुळतात, असं अभ्यासात दिसलं.

या पद्धतीतला कळीचा भाग म्हणजे गुण देणाऱ्यालाही कारण सांगावं लागतं. 'छान होतं' म्हणून सुटता येत नाही. सगळ्यांनी तीच पाच मिनिटं ऐकलेली असतात, त्यामुळे वरिष्ठाचं मतही पुराव्यावर घासून निघतं. सुपरवायझर घडतो तो अशा जागी.

महाराष्ट्रात एकट्यानं ही वाट काढणारा माणूस म्हणजे कि. मो. फडके. मुंबईत राहून त्यांनी अल्बर्ट एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केला, त्यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती पत्रांतून समजून घेतली, आणि पुढे एलिस यांच्या न्यूयॉर्कच्या संस्थेनं त्यांना सुपरवायझर म्हणून मान्यता दिली. टपालातून हे घडू शकलं, तर व्हिडिओ कॉलच्या काळात दौंडच्या माणसाला पुण्याचा किंवा ठाण्याचा मार्गदर्शक मिळणं अवघड नाही. अवघड आहे तो नियमितपणा, आणि त्याहून अवघड मोकळेपणा.

मोकळेपणाचा प्रश्न जगभरचा आहे. निकोलस लेडनी आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये अमेरिकेतल्या शिकाऊ थेरपिस्टांना विचारलं, तेव्हा ९७ टक्के जणांनी सुपरवायझरपासून काहीतरी दडवल्याचं कबूल केलं. आणि सर्वांत जास्त दडवलं होतं ते खुद्द सुपरवायझरबद्दलचं नाराजीचं मत. आपल्याकडे तर सरांसमोर "मला हे जमलं नाही" म्हणायचं धैर्य शाळेपासूनच मोडलेलं असतं. त्यात हाच सुपरवायझर गोपनीय अहवाल लिहिणार किंवा कंत्राट वाढवणार असेल, तर शिकाऊ माणूस उत्तम निघालेली भेटच ऐकवेल. म्हणून अहवाल लिहिणारा आणि रेकॉर्डिंग ऐकणारा हे दोघं वेगळे ठेवावेत. एवढी सोय प्रशासनाला पैशाशिवाय करता येईल.

सुपरवायझरचंही कुणी ऐकायला हवं. वर कल्पिलेल्या मॅडमनी आपल्या बैठकीचं रेकॉर्डिंग महिन्यातून एकदा दुसऱ्या सुपरवायझरला ऐकवलं, तर कदाचित कळेल की अर्ध्या तासातली वीस मिनिटं त्याच बोलत होत्या. हे दुसऱ्यानं दाखवल्याशिवाय समजत नाही. रुग्णानं आत्महत्या केली तर समुपदेशकाला धरून ठेवणं हे सुपरवायझरचं काम, आणि त्या आठवड्यात सुपरवायझरला धरून ठेवणारंही कुणी लागतं.

तालुक्यात एक अडचण शहराहून मोठी आहे. मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम २३ रुग्णाच्या गोपनीयतेचा हक्क देतं. पण शिरूरच्या बाजारात गाव, आडनाव, कुणाच्या घरात काय घडलं, एवढी तीन वाक्यं ऐकली की माणूस ओळखता येतो. नाव पुसून भागत नाही. तेव्हा शिरूरची रेकॉर्डिंग्ज दौंडच्या गटानं ऐकावीत आणि दौंडची शिरूरच्या. राखीव पोलीस दलातल्या जवानाचं बोलणं त्याच्या शेजाऱ्याच्या कानी जाणार नाही, आणि उसातल्या भीतीबद्दल दौंडची समुपदेशक असा प्रश्न विचारेल जो शिरूरच्या मुलीला सुचलाच नसता. न्हावरा-चौफुला रस्त्यानं महिन्यातून एकदा समोरासमोर बैठक आणि एरवी फोनवर, इतक्यानं सुरुवात होईल. दोन्ही रुग्णालयांतून मिळून चार-पाच माणसं लागतील, आणि आठवड्यातला एक तास ओपीडीच्या नोंदवहीत 'काम' म्हणून लिहिण्याची परवानगी.

पुढच्या लेखांकात : टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन लावल्यावर पलीकडे कोण असतं.