प्रादेशिक भाषा आणि वापरकर्ता अनुभव : राकेश देशमुख यांची उद्योजकीय वाटचाल

प्रस्तावना
पेण, हमरापूर व जोहे परिसरातील गणपतीच्या कारखान्यांचा दैनंदिन व्यवहार मराठीतून चालतो. मात्र कारागिराच्या हाती आलेला स्मार्टफोन प्रारंभी इंग्रजी जाणणारा ग्राहक गृहीत धरूनच घडविलेला होता. एखादे साधन हाताळताना व्यक्तीला येणारी सुलभता, अडचण व समाधान यांच्या एकत्रित प्रत्ययास ‘वापरकर्ता अनुभव’ असे म्हणतात. हा अनुभव भारतीय भाषिकांसाठी नव्याने रचण्याचा प्रयत्न ‘इंडस ओएस’चे सहसंस्थापक राकेश देशमुख यांनी केला. प्रस्तुत लेखात त्यांच्या वाटचालीचे विवेचन केले आहे.

प्रारंभ व रचना
देशमुख व त्यांचे सहकारी आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी होत. अँड्रॉइडवर आधारलेली त्यांची प्रणाली २०१५ मध्ये ‘फर्स्टटच’ या नावाने मायक्रोमॅक्सच्या ‘युनाइट ३’ या फोनवर आली. पुढे तिला ‘इंडस ओएस’ हे नाव मिळाले.

केवळ शब्दांचे भाषांतर म्हणजे वापरकर्ता अनुभव नव्हे, ही जाण या रचनेत दिसून येते. आलेल्या इंग्रजी संदेशावर बोट फिरविताच तो आपल्या भाषेत वाचता येई. मराठी टंकलेखनात स्वर, व्यंजने, मात्रा व जोडाक्षरे यांमुळे कळांची संख्या वाढते. म्हणून कळफलक पुढील शब्द व मात्रा सुचवीत असे. ॲप घेण्यासाठी ई-मेल खाते अनिवार्य नव्हते. ज्याने कधी ई-मेल वापरलेला नाही, त्याच्या दृष्टीने ही अट म्हणजे बंद दरवाजाच होता. अडचण ग्राहकाच्या अज्ञानात नसून रचनेत आहे, ही भूमिका येथे महत्त्वाची ठरते.

मर्यादा व स्थित्यंतर
जानेवारी २०१६ मध्ये ‘ओमिड्यार नेटवर्क’कडून ५० लाख डॉलरची गुंतवणूक मिळाली. तथापि प्रणालीचा प्रसार प्रामुख्याने भारतीय फोन-उत्पादकांवर अवलंबून होता. चिनी कंपन्यांच्या स्पर्धेत या उत्पादकांची पीछेहाट होताच प्रणालीचा आधारही क्षीण झाला. उत्तम रचना असूनही ती ग्राहकापर्यंत पोहोचविणारा मार्ग दुसऱ्याच्या हाती असेल, तर ती टिकत नाही. परिणामी संस्थेचा भर प्रणालीकडून ॲप-भांडाराकडे वळला. २०१९ मध्ये सॅमसंगच्या गुंतवणूक-संस्थेने तीत भांडवल घातले आणि २०२२ मध्ये ‘फोनपे’ने ती संपादित केली. २१ फेब्रुवारी २०२४ रोजी, म्हणजे आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिनी, ‘इंडस ॲपस्टोअर’ सुरू झाले. इंग्रजीसह १२ भारतीय भाषांची सोय त्यात करण्यात आली.

निष्कर्ष
या वाटचालीतून दोन बाबी स्पष्ट होतात. पहिली, भाषा हे रचनेवर चढविण्याचे आवरण नसून रचनेचा पाया आहे. दुसरी, सुलभतेस वितरणाची जोड नसेल तर ती अल्पजीवी ठरते.

महाविद्यालयांनाही यातून बोध घेता येईल. पेण-रोहा परिसरातील मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी ऑनलाईन प्रवेश वा शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना अडखळतो, तेव्हा दोष त्याच्या इंग्रजीला दिला जातो. असा अर्ज लागू करण्यापूर्वी चार-पाच विद्यार्थ्यांकडून तो प्रत्यक्ष भरून घ्यावा व ते जेथे थांबतात त्या जागांची नोंद करावी. खर्चाविना होणारी ही चाचणी अनेक पात्र विद्यार्थ्यांना लाभापासून वंचित राहण्यापासून वाचवू शकेल.