मालवणला स्कुबा करताना पायाखाली जे दिसतं, तो दगड नसतो

लाँग वीकेंड आला की शुक्रवारी रात्री पिंपरी-चिंचवडमधून गाड्या सुटतात. चाकणला सेकंड शिफ्ट संपवून निघालेली चार-पाच पोरं, वाकड-रावेतची आयटीतली जोडपी, भोसरीतून टेम्पो ट्रॅव्हलर ठरवून निघालेला अख्खा ग्रुप. जवळपास चारशे किलोमीटर गाडी हाणून सकाळी सगळे मालवण-तारकर्लीत हजर. सिंधुदुर्ग किल्ला, सुरमईची थाळी आणि स्कुबा हा प्लॅन ठरलेला.

संध्याकाळपर्यंत रील पडतं. त्यात मासे दिसतात, बोटांनी केलेली ओकेची खूण दिसते आणि पायाखाली करडे-तपकिरी दगड दिसतात. त्यातले कितीतरी दगड नसतातच. ते प्रवाळ असतं, जिवंत.

प्रवाळ हा प्राणी आहे. टाचणीच्या डोक्याएवढे असंख्य जीव एकमेकांना चिकटून वसाहत करतात आणि पायाखाली चुन्याचं घर बांधत जातात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं घरमालकाला देतं. प्रवाळाचा रंगही मुख्यतः या भाडेकरूचाच. (अंगठीतलं लाल पोवळं वेगळं. ते भूमध्य समुद्रातल्या दुसऱ्याच जातीचं.)

जगभरातल्या प्रवाळांनी समुद्रतळाचा एक टक्काही भाग व्यापलेला नाही, पण समुद्रातले साधारण पाव जीव कधी ना कधी त्यांच्या आसऱ्याला येतात. मालवणच्या मासेमारीशी याचा संबंध इथेच येतो.

मालवणचं पाणी लक्षद्वीपसारखं नितळ नाही. त्यामुळे इथे लांबलचक प्रवाळभिंत नाही, खडकांवर ठिकठिकाणी वसाहती आहेत. त्यातल्या बऱ्याच गोलसर, दगडासारख्या दिसणाऱ्या, आणि त्यांची वाढ फार सावकाश होते. पोराइटस नावाचं प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतं. म्हणजे फुटबॉलएवढी वसाहत व्हायला दहा-बारा वर्षं लागतात. फिन घातलेला पाय नीट बसला तर ती मोडायला एक सेकंद पुरतो.

बरं, हा भाग संरक्षित आहे. १३ एप्रिल १९८७ ला मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. एकूण क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा ३.१८ चौरस किलोमीटरचा. या गाभ्यात सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या आजूबाजूचे खडक येतात, म्हणजे जिथे पर्यटकांची सगळ्यात जास्त गर्दी असते तेच. शिवाय २००१ पासून प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जागा आहे. त्याच यादीत वाघ आहे. पण ताडोबात कुणी जिप्सीतून उतरून वाघाच्या पाठीवर उभं राहत नाही.

अभयारण्याला मच्छीमारांचा विरोध सुरुवातीपासून होता. जाळी टाकायची कुठे, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो रास्त होता. कागदावरचं अभयारण्य पाण्यात नीट उतरलंच नाही. पुढे पर्यटन वाढलं आणि मच्छीमार घरांतली अनेक पोरं बोटिंग-स्कुबाच्या धंद्यात आली. आज प्रवाळ मेलं तर नुकसान त्यांचंही आहे.

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या, म्हणजे एनआयओच्या संशोधकांनी मालवणच्या स्कुबामुळे प्रवाळांचं काय होतंय याची पाहणी केली. ती २०२० मध्ये एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आली. पर्यटनातल्या डायव्हिंगमुळे प्रवाळ मोडतंय आणि त्याची जबाबदारी कुणावरच नाही, असं त्याचं सार. पोहता न येणारा पर्यटक घाबरला की हाताला लागेल ते धरतो. वरून बोटीचा नांगर पडतो, तो वेगळाच.

त्यात उष्णता. पाणी नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशाने जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर प्रवाळ अंगातलं शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. याला ब्लीचिंग म्हणतात. पांढरं म्हणजे लगेच मेलेलं नव्हे, उपाशी. २०१५-१६ च्या एल निनोच्या काळात मालवणनेही हे पाहिलं. एप्रिल २०२४ मध्ये तर जगभर चौथं मोठं ब्लीचिंग सुरू असल्याचं जाहीर झालं. पवनेचं पाणी भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागरात जातं, मालवणशी त्याचा संबंध नाही. धुराड्यांतला कार्बन मात्र कुठल्याच खोऱ्याची हद्द मानत नाही.

मग मोडलेलं प्रवाळ परत लावता येतं का? येतं. तुटून पडलेले पण जिवंत तुकडे सिमेंटच्या चौकटींना बांधून समुद्रात ठेवतात. त्यावर चढणारं शेवाळ खरवडत राहावं लागतं, नाहीतर तुकडा गुदमरतो. तमिळनाडूच्या मन्नारच्या आखातात हे काम २००२ पासून चालू आहे. वन विभाग आणि यूएनडीपीच्या सिंधुदुर्ग प्रकल्पात मालवणातही असं रोपण करून पाहिलं गेलं. मुंबईत कोस्टल रोडच्या आड येणाऱ्या वरळीच्या १८ वसाहती २०२० मध्ये एनआयओच्या देखरेखीखाली कुलाब्याला हलवल्या गेल्या.

पण रोपण म्हणजे नर्सरीतून रोप आणून लावणं नव्हे. आईवसाहत जिवंत हवी, पाणी बरं हवं आणि लावलेल्या तुकड्यावर कुणी पाय देता कामा नये. एकीकडे चौकटी लावायच्या आणि शेजारीच नांगर टाकायचे, हा हिशेब कधीच जुळणार नाही.

१२ जानेवारी २०२४ ला नौदलातून निवृत्त झालेली आयएनएस गुलदार निवतीजवळ समुद्रात बुडवून संग्रहालय आणि कृत्रिम रीफ करण्याचा प्रकल्प राज्याने हाती घेतला आहे. किल्ल्याजवळची गर्दी त्यामुळे हटली तर उत्तमच. पण लोखंडावर प्रवाळ आपोआप उगवत नाही. त्याची पिल्लं जवळच्या जिवंत वसाहतींतूनच यावी लागतात.

पावसाळ्यात पाण्यातले खेळ बंद असतात, नंतर सीझन उघडतो. तेव्हा बुकिंग करताना दराच्या आधी दोन गोष्टी विचारता येतील. बोट बोयाला बांधणार की नांगर टाकणार? आणि फोटोसाठी खडकावर उभं करणार का? दुसऱ्याचं उत्तर ‘हो’ आलं, तर शेजारी दुसरा स्टॉल असतोच.