पहिल्या पगाराचा विमा

सावित्रीच्या काठचे पोलादपूर हे वाटेवरचे गाव आहे. मुंबईहून गोव्याकडे जाणारा महामार्ग येथून कशेडीकडे वळतो आणि दुसरी वाट आंबेनळीच्या घाटाने, प्रतापगडाला बगल देत, महाबळेश्वरास चढते. ज्या तालुक्यात तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ आहे, त्या तालुक्यातील तरुण पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी ह्याच वाटांनी बाहेर पडत आला. आजोबा मुंबईच्या गिरणीत गेले, वडील मुंबईत नाहीतर बडोदे-सुरतेकडे गेले, आणि आजचा मुलगा महाडच्या औद्योगिक वसाहतीत, पनवेलच्या एखाद्या गोदामात किंवा ठाण्याच्या कचेरीत नोकरीस लागतो. आजोबांच्या आजारपणाची तजवीज दोन ठिकाणी असे: गावकीच्या खोलीवर जमणारी मंडळाची वर्गणी, आणि कामगार राज्य विमा योजनेचे परळचे रुग्णालय. १९८२च्या संपानंतर गिरण्या खचल्या, खोल्या विरळ झाल्या, आणि जी काळजी पूर्वी मंडळाच्या सभेत दहाजण मिळून वाहत, ती आता चोवीस वर्षांच्या मुलाने पहिल्या पगाराच्या दिवशी एकट्याने, तीही मोबाईलच्या पडद्यावर, वाहावी अशी अपेक्षा आहे.

‘मला आत्ताच काय होणार आहे?’ हा त्याचा प्रश्न खुळा नव्हे. धडधाकट तरुणाला रुग्णालयात जाण्याचा प्रसंग क्वचितच येतो, आणि विमा एजंट जेव्हा त्याला केवळ रोगांची भीती घालतो तेव्हा तो एजंट खरे कारण सांगतच नाही. तरुणपणी विमा घ्यावयाचा तो आजच्या आजारासाठी नव्हे, तर मुदती सरून जाव्यात म्हणून. विमापत्र सुरू झाल्यापासून पहिले तीस दिवस अपघाताखेरीज कोणत्याही आजाराचा खर्च मिळत नाही. हर्निया, मोतीबिंदू, सांधेबदल अशा काही ठरावीक उपचारांना बहुधा दोन वर्षे, फार तर तीन वर्षे, थांबावे लागते. आणि विमा घेताना जो आजार अंगात आहेच, त्यासाठी कंपनी जास्तीत जास्त छत्तीस महिने वाट पाहावयास लावू शकते, ही मर्यादा पूर्वी अठ्ठेचाळीस महिन्यांची होती व २०२४मध्ये ती खाली आणली गेली. चोविसाव्या वर्षी ह्या सर्व मुदती मनुष्य नकळत ओलांडतो. चाळिशीत, मधुमेहाचा दाखला हातात पडल्यावर, त्यांतील प्रत्येक महिना मोजावा लागतो. शिवाय सलग साठ महिने विमा चालू राहिला, तर त्यानंतर ‘अमुक गोष्ट तुम्ही सांगितली नव्हती’ असे म्हणून, लबाडी सिद्ध झाल्यावाचून, कंपनीला दावा नाकारता येत नाही. स्वस्त हप्ता हा तरुणपणाचा लाभ खरा, पण दुय्यम. मुख्य लाभ हा काळाचा आहे.

परंतु बाजारातले काही विकत घेण्यापूर्वी आपल्या पदरी आधीच काय आहे, ह्याची रुजवात घालावी. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगड होता. २०१७पासून तिला महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना हे नाव आहे, आणि १ जुलै २०२४पासून राज्यातील शिधापत्रिकाधारक कुटुंबांस तिच्याखाली, ठरवून दिलेल्या उपचारांपुरते, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. म्हणजे गावी कपाटात पडलेले रेशनकार्ड हाही एक विमाच आहे, मात्र तो योजनेतील रुग्णालयांत आणि यादीतील उपचारांनाच लागू पडतो. कारखान्यातील ज्याचे वेतन दरमहा २१,००० रुपयांच्या आत आहे, त्याच्या पगारातून पाऊण टक्का कापून त्याला कामगार विमा मिळतो. पण बढती होऊन वेतनाने ही रेषा ओलांडली, की चालू वर्गणीकालाच्या अखेरीस वर्गणी थांबते व पुढे काही काळाने तो विमाही संपतो, आणि पेढे वाटणाऱ्याच्या हे ध्यानीही येत नाही. कचेरीच्या सामूहिक विम्याची गतही तीच: राजीनामा दिला की तो गेला. म्हणून असा विमा असला तरी स्वतःच्या नावाचे लहानसे का होईना, वेगळे विमापत्र असावे, असे माझे मत आहे.

आता कोणते घ्यावे? येथे भूगोल आड येतो. पोलादपुरात ग्रामीण रुग्णालय आहे, महाडात खासगी दवाखाने आहेत. पण दुखणे गंभीर झाले की रुग्ण पनवेल-कामोठ्याकडे, मुंबईकडे, कशेडी ओलांडून डेरवणला, नाहीतर घाट चढून सातारा-पुण्याकडे हलवावा लागतो. तेव्हा पोलादपूरच्या मुलाने कंपनीची हजारो रुग्णालयांची संख्या पाहून भुलू नये, ज्या चार ठिकाणी आपल्या घरचा माणूस खरोखर नेला जाईल, ती चार नावे यादीत आहेत का, हे पाहावे आणि त्या रुग्णालयांच्या विमा-खिडकीवर दूरध्वनी करून खात्री करावी. यादीतल्या रुग्णालयात रोख न भरता उपचाराचा अर्ज आल्यावर कंपनीने एका तासात उत्तर द्यावे आणि रुग्णास घरी सोडताना अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी, असा विमा नियामकाचा २०२४चा आदेश आहे. यादीबाहेर मात्र बहुधा आधी पदरचे पैसे भरून मागाहून कागदपत्रे सादर करावी लागतात, आणि त्या पहिल्या पैशांसाठीच घरातले दागिने बाहेर निघतात.

विमापत्रात सर्वांत अधिक फसवणारी ओळ खोलीभाड्याची. समजा, विमा तीन लाखांचा आहे व दैनिक खोलीभाड्याची मर्यादा त्याच्या एक टक्का, म्हणजे ३,००० रुपये आहे. रुग्णाने ६,००० रुपयांची खोली घेतली आणि पाच दिवस राहिला. बिल झाले दोन लाख: खोली ३०,०००, डॉक्टर, शुश्रूषा व शस्त्रक्रियागृह १,२०,०००, औषधे व तपासण्या ५०,०००. घरच्यांचा हिशोब असा, की खोलीचे पंधरा हजार आपण भरू, बाकी कंपनी देईल. पण जेथे खोलीच्या दर्जानुसार इतर दरही चढतात, तेथे खोली दुप्पट घेतली म्हणून डॉक्टर-शस्त्रक्रियेचा खर्चही निम्माच मंजूर होतो. औषधे व तपासण्या त्या कात्रीतून सुटतात. कंपनी देते १,२५,०००, घरून जातात ७५,०००. म्हणून हप्त्यात वर्षाला चार पैसे अधिक पडले तरी खोलीभाड्याची मर्यादा नसलेले विमापत्र घ्यावे. १ एप्रिल २०२०पासून सर्व कंपन्यांना विकणे भाग असलेले ‘आरोग्य संजीवनी’ हे प्रमाणित विमापत्र सुबोध आहे, पण त्यातही खोलीची मर्यादा आहे आणि प्रत्येक दाव्यातील पाच टक्के आपणच सोसावयाचे असतात.

हप्त्याविषयी इतकेच, की वैयक्तिक आरोग्यविम्यावरील अठरा टक्के कर २२ सप्टेंबर २०२५पासून शून्य झाला आहे. आईवडिलांना आपल्याच विमापत्रात ओढू नये. सामाईक विम्याचा हप्ता घरातील सर्वांत वडील माणसाच्या वयावर ठरतो, तेव्हा त्यांचे विमापत्र वेगळे असावे.

प्रस्तावपत्र स्वतः भरावे. एजंट सलगीने ‘ते दम्याचे लिहू नका, उगाच हप्ता वाढेल’ असे सांगतो, पण दाव्याच्या वेळी जुने केसपेपर धुंडाळणारा कारकून निराळा असतो आणि सही आपली असते. लहानपणची शस्त्रक्रिया, तंबाखूची सवय, चालू गोळी, सर्व लिहावे. एखादी कंपनी पुढे पसंत पडली नाही, तर नूतनीकरणाच्या निदान पंचेचाळीस दिवस आधी अर्ज करून दुसरीकडे जाता येते, व सरलेल्या मुदती वाया जात नाहीत. दावा अन्यायाने नाकारला गेला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. दाद न मिळाल्यास विमा लोकपालाकडे जावे, जेथे शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही.

विमापत्र हाती पडल्यापासून तीस दिवसांच्या आत ते परत करता येते, आणि वापर झाला नसेल तर किरकोळ कपात वजा जाता पैसे मिळतात. त्या तीस दिवसांत कोणा जाणत्या माणसाला शेजारी बसवून विमापत्र शेवटच्या पानापर्यंत वाचा, आणि त्याची एक प्रत गावी, रेशनकार्डाच्या पिशवीत, आईच्या हवाली करून ठेवा.