भरल्या ताटावरची अस्वलं

धबधब्याच्या काठावर एक भलंमोठं अस्वल तोंड उघडून उभं आहे आणि खालून उसळलेला मासा नेमका त्याच्या जबड्यात शिरतो आहे, असं एक छायाचित्र आपल्यापैकी अनेकांनी कॅलेंडरवर किंवा एखाद्या मासिकात पाहिलं असेल. थॉमस मँगेलसेन या छायाचित्रकाराने ते १९८८ साली टिपलं. जागा अलास्कातली. कॅटमाय राष्ट्रीय उद्यानातला ब्रुक्स धबधबा. चित्र बघून वाटतं, हा गृहस्थ जिवावर उदार होऊन झुडपात दडला असणार. पण त्या धबधब्यापाशी एक उंच लाकडी सज्जा आहे, त्याला कठडा आहे, आणि जुलै महिन्यात तिथे उभं राहायचं तर नाव नोंदवून आपली पाळी येईपर्यंत थांबावं लागतं. २०२२ च्या जुलैत मी तशी थांबले होते. एवढी मोठी जनावरं एकमेकांच्या इतक्या जवळ आणि माणसांच्या इतक्या समोर निवांतपणे जेवतात, हे कसं काय जमतं, ते आज सांगायचा विचार आहे.

आधी तिथे पोचायचं कसं? कॅटमायला बाहेरच्या जगातून रस्ता जात नाही. अँकरेजहून किंग सॅल्मन या गावापर्यंत साधं, चाकांचं विमान जातं. अंतर साधारण पावणेपाचशे किलोमीटर. तिथून पुढचे पन्नासेक किलोमीटर पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने. आपल्याकडे याला सी-प्लेन म्हणतात. साबरमती ते केवडिया अशी सेवा २०२० साली मोठ्या थाटात सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी बंद पडली, ते आठवत असेल. अलास्कात मात्र ही चैनीची गोष्ट नाही. तिथे ती आपल्या एस. टी. सारखी आहे. टपाल, किराणा, आजारी माणूस, सगळं तिच्यातूनच जातं.

या विमानाला चाकांऐवजी होडीच्या आकाराचे दोन लांबट पोकळ फ्लोट असतात. चढण्यापूर्वी प्रत्येकाला वजन विचारतात, आणि ते खरं सांगावं लागतं, कारण कोणी कुठे बसायचं ते त्यावरून ठरतं. अस्वलाला पळवून लावायचा तिखटाचा फवारा कुणाजवळ असेल, तर तो आत बसू देत नाहीत, फ्लोटच्या पोकळीत ठेवतात. उडताना तो डबा फुटला तर वैमानिकाच्या डोळ्यांचं काय होईल, याची कल्पना आपल्या घरात फोडणीत मिरच्या करपल्यावर जे होतं त्यावरून करावी. विमानाला ब्रेक नसतो. दोर सोडला की ते सरकूच लागतं. आणखी एक गंमत कळली. आपल्याला वाटतं, तळं आरशासारखं शांत असेल तर उतरायला सोपं. पण वैमानिकाला तेच अवघड जातं, कारण पाणी नेमकं किती खाली आहे याचा नजरेला अंदाज येत नाही. बारीक लाटा असल्या की बरं.

वीस-पंचवीस मिनिटांत नॅकनेक तलावावर उतरलो, फ्लोटवर पाय ठेवून काठाच्या खड्यांवर उडी मारली, आणि पहिली गोष्ट कोणती, तर शाळा. उतरलेल्या प्रत्येक प्रवाशाला अस्वलांविषयीचे धडे घ्यावेच लागतात. पळायचं नाही. वाटेवर बोलत, टाळ्या वाजवत चालायचं, म्हणजे वळणावर अस्वल दचकणार नाही. अंतर किमान ५० यार्ड, म्हणजे आपले ४५ मीटर. अस्वल वाटेवरून आलं तर वाट त्याची, आपण बाजूला व्हायचं. आणि सगळ्यात कडक नियम खाण्याचा. पिशवीत काहीही चालत नाही, च्युइंगम सुद्धा नाही. सगळं एका बंदिस्त कोठीत ठेवायचं आणि ठरलेल्या जागीच बसून खायचं. बाहेर हिंडताना फक्त साधं पाणी, सरबतही नाही. माझी बहीण सिअॅटलहून चकल्यांचा डबा घेऊन आली होती, तो दिवसभर त्या कोठीत अडकून पडला.

शाळेनंतर छातीवर लावायला एक बिल्ला मिळतो. मग पूल ओलांडून दोनेक किलोमीटर जंगलातून चालत धबधब्यापाशी. धबधबा म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे येतं तसं तिथे काही नाही. उंची जेमतेम पुरुषभर. नदीही दीड-दोन मैलांची, दोन तलावांना जोडणारी. पण समुद्राकडून आलेल्या माशांना वरच्या तलावात जायचं तर ही एक पायरी चढावीच लागते, आणि त्या पायरीवर अस्वलं ताट मांडून बसतात.

कोकणातल्या श्रोत्यांना वलगणीचे मासे सांगायला नकोत. पहिल्या पावसात ओढ्याला पाणी आलं, की मासे प्रवाहाच्या उलट चढतात आणि गावातली पोरं जाळी, टोपल्या, मिळेल ते घेऊन धावतात. इथे तेच, फक्त आकडे वेगळे. हा मासा सॉकाय जातीचा सॅल्मन. नदी-तलावांच्या खडीत जन्मतो, एक-दोन वर्षं गोड्या पाण्यात काढतो, मग दोन-तीन वर्षं समुद्रात, आणि वासावरून माग काढत जन्माच्या नदीत परततो. गोड्या पाण्यात शिरल्यावर तो खाणं सोडतो, अंगाने लाल होतो, अंडी घालून झाली की मरतो. ही नदी ज्या ब्रिस्टल उपसागराला मिळते, तिथे २०२२ साली जवळजवळ ७ कोटी ९० लाख सॉकाय परतले. तो विक्रम होता.

आता अस्वलांकडे वळू. आमच्यासमोर एका वेळी अकरा होती. उन्हाळ्याच्या मध्यावर मोठ्या नराचं वजन २७० ते ४०० किलो असतं, आणि थंडी सुरू होईपर्यंत ते साडेचारशेच्या पुढे जातं. हिवाळ्यातले काही महिने गुहेत अन्नपाण्यावाचून काढायचे असतात, त्यात वजन एक तृतीयांशापर्यंत उतरतं. तेव्हा हे खाणं म्हणजे भिशी किंवा मेजवानी नव्हे, वर्षाची बेगमी आहे. मोठा नर दिवसाला तीसच्या वर मासे खातो.

मासे पकडायची रीत प्रत्येकाची निराळी. कॅलेंडरवरच्यासारखी धबधब्याच्या माथ्यावर उभी राहणारी काहीच. काही खालच्या फेसाळ पाण्यात बसून राहतात आणि अंगाला मासा लागला की पंज्याने दाबतात. काही डोकं पाण्याखाली घालून नुसतं बघत फिरतात. तरणी अस्वलं पाणी उडवत मागे धावतात आणि बहुतेक वेळा रिकामी परततात. काही सरळ दुसऱ्याचा मासा हिसकावतात, आणि काही मोठ्यांच्या शेजारी जाऊन चक्क मागत उभी राहतात. ओटिस नावाचं एक म्हातारं अस्वल एकाच कोपऱ्यात तासन् तास न हलता बसण्यासाठी प्रसिद्ध होतं. लठ्ठ अस्वलांची एक गमतीची निवडणूक तिथे २०१४ पासून दर वर्षी होते, ती त्याने चार वेळा जिंकली. २०२४ साली तो परतला नाही.

एरवी प्रौढ नर एकटे हिंडतात, एकमेकांना टाळतात. इथे ते चार-पाच हातांवर उभे असतात. याचं कारण स्वभावात नाही, ताटात आहे. मासे मुबलक असले की भांडणात जी शक्ती जाते, ती परवडत नाही. तेवढ्या वेळात दोन मासे पकडून होतात. अगदी सुकाळ असेल तेव्हा तर अस्वलं माशाचं डोकं, कातडी आणि गाबोळी एवढंच खातात आणि बाकीचं टाकून देतात. चरबी तिथेच जास्त असते. खाली सीगल पक्षी टपलेलेच असतात. मासे कमी झाले की अंतरं वाढतात, गुरगुर वाढते.

माणसांना ती का चालवून घेतात, याचं उत्तरही ताटाशीच येऊन थांबतं. अस्वलाला माणसाची सवय होणं ही एक गोष्ट, आणि माणसाकडून खाणं मिळतं हे कळणं ही दुसरी. पहिलीत धोका थोडा, दुसरीत फार. सज्ज्यावरची माणसं रोज त्याच जागी उभी असतात, तसाच आवाज करतात आणि त्यांच्याकडून कधी काही मिळत नाही. अस्वलाच्या लेखी ती झाडांसारखी. म्हणून तर नदीत गळ टाकणाऱ्यांनाही नियम आहे, की अस्वल जवळ आलं तर गळाला मासा लागलेला असला तरी दोरी तोडून टाकायची. एकदा का गळवाला म्हणजे आयता मासा हे समीकरण त्याच्या डोक्यात बसलं, की ते पुसता येत नाही. आपल्याकडे महाबळेश्वरला किंवा वणीच्या गडावर माकडं हातातली पिशवी ओढतात, ती मुळात दुष्ट नसतात. आपणच त्यांना शेंगदाणे देऊन शिकवलेलं असतं. फरक एवढाच, की माकड पाच-दहा किलोंचं असतं.

या शांततेला प्रेम किंवा मैत्री समजू नये. जुलै २०२४ मध्ये ग्रेझर नावाच्या मादीची पिल्लं धबधब्यावरून खाली वाहून गेली आणि चंक नावाच्या बलाढ्य नराने त्यांच्यावर हल्ला केला. ती त्याच्यावर तुटून पडली, तरी एक पिल्लू वाचलं नाही. त्या शरदात निवडणुकीत तिने त्याच चंकला हरवलं. पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, मोडलेला जबडा घेऊन आलेला चंक जिंकला. अस्वलांना अर्थातच यातलं काही ठाऊक नाही.

सगळी भिस्त माशांवर आहे, म्हटल्यावर ते संपले तर काय, हा प्रश्न येतोच. तिथे मासेमारीचा मोठा धंदा आहे. पण नद्यांच्या काठी मनोरे उभारून त्यांवर माणसं बसतात, आपल्या शेतातल्या माचाणावर बसावीत तशी, आणि दर तासाला दहा मिनिटं वर चढणारे मासे मोजतात. पुरेसे मासे वर गेले की नाही, हे पाहून मच्छीमारांना किती दिवस जाळी टाकू द्यायची ते ठरतं. मला ही व्यवस्था अस्वलांपेक्षाही थक्क करणारी वाटली. याच उपसागराला मिळणाऱ्या दुसऱ्या नद्यांच्या उगमाजवळ तांब्या-सोन्याची प्रचंड खाण काढायचा बेत होता. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने तिला आडकाठी घातली, आणि त्याविरुद्ध कंपनी व अलास्का राज्य दोघंही न्यायालयात गेले.

कुणाला जायचं असेल तर जुलै किंवा सप्टेंबर निवडावा. ऑगस्टमध्ये अस्वलं बहुतेक दुसऱ्या ओढ्यांकडे पांगतात. सप्टेंबरात ती परततात, मरू घातलेले मासे वेचायला, आणि तेव्हा ती सर्वांत जाडजूड दिसतात. खर्च मात्र बराच येतो आणि धुकं पडलं तर विमान उडत नाही, तेव्हा एक दिवस हाताशी जास्तीचा ठेवावा. परतीच्या वेळी पुलाशी एखादं अस्वल ऐसपैस झोपलं, तर ते उठेपर्यंत सगळी वाहतूक थांबते. आम्ही पाऊण तास थांबलो. ज्यांना जाणं शक्य नाही, त्यांच्यासाठी धबधब्यापाशी २०१२ पासून कॅमेरे बसवलेले आहेत आणि त्यांतून उन्हाळाभर थेट चित्र इंटरनेटवर फुकट दिसतं. तिथलं घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेतेरा तास मागे असतं. रात्री जेवणं आटोपून साडेनऊला लावलंत, तर तिथे सकाळचे आठ वाजलेले असतात आणि अस्वलं नुकती न्याहारीला बसलेली असतात.